साधी गोळी

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी फडताळाच्या वरच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटे कधी होती हे आता कोणालाच आठवत नाही. झाकण उघडले की आधी बामचा वास येतो आणि मग वस्तू दिसू लागतात: साखर धरून बूच घट्ट बसलेली खोकल्याच्या औषधाची बाटली, गेल्या उन्हाळ्यात फोडलेले डोळ्यांचे थेंब (जे फोडल्यावर साधारण महिनाभरातच टाकून द्यायचे असतात) आणि दोन-दोन, तीन-तीन गोळ्यांचे कापलेले तुकडे. या डब्यातल्या कुठल्याही औषधाला आत्या ‘साधी गोळी’ म्हणते. ज्या गोळीसाठी डॉक्टरांकडे जाऊन बसावे लागत नाही ती साधी, अशी तिची सोपी व्याख्या आहे.

गंमत म्हणजे कायद्याची व्याख्याही फारशी निराळी नाही. १९४५ च्या औषध नियमांना जोडलेल्या अनुसूचींत नावे आहेत ती चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांची. त्या याद्यांत जे सापडत नाही ते आपण खुशाल मागून घेतो. म्हणजे साधेपणा हा त्या गोळीचा गुण नव्हे, केवळ यादीबाहेर उरल्याची खूण आहे.

हे मला कळले ते गेल्या श्रावणात. आत्याला कणकण आली आणि नाकही वाहू लागले. मी तापासाठी ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल आणली आणि सर्दीसाठी वेगळी रंगीत गोळी आणली. दोन्ही दिवसातून तीन वेळा द्यायचे ठरले. दुसऱ्या दिवशी रात्री डोके फार ठणकते म्हणून तिने डब्यातली आणखी एक साधी गोळी आपली आपण घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा उकळेपर्यंत काही वाचायला हवे म्हणून, मी सर्दीच्या पाकिटाची मागची बाजू चष्मा वर-खाली करून वाचली. त्यात नाक मोकळे करणारे एक द्रव्य होते, झोप आणणारे दुसरे होते आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम होते. डोकेदुखीच्या गोळीतही तेच ५०० होते. नावे तीन, रंग तीन, आतले औषध एकच. मी वर्तमानपत्राच्या समासात हिशेब मांडला: ६५० त्रिक १९५०, ५०० त्रिक १५००, वर रात्रीचे ५००, एकूण ३९५०. धडधाकट प्रौढ माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम धरतात, आणि आमची आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची, बेचाळीस किलोंची. शिवाय ती रक्तदाबाची गोळी घेते, आणि नाक मोकळे करणारे ते द्रव्य रक्तदाब वाढवू शकते, म्हणजे ती गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून तिला द्यायलाच नको होती.

डॉक्टरांनी रक्त तपासले. सुदैवाने सारे ठीक निघाले. पॅरासिटामॉल जादा झाले तर मार यकृताला बसतो आणि पहिल्या दिवशी माणसाला फारसे काही जाणवतही नाही, हे त्यांनी ज्या शांतपणे सांगितले त्याने मला अधिक घाम फुटला. आत्याने मात्र घरी आल्यावर, ‘अरे, साधीच तर होती ती,’ असे म्हणून मलाच धीर दिला.

तेव्हापासून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदाराविषयीचे माझे मत बदलले. गोळी मागितली की ‘कोणासाठी? वय काय? दुसरे काही चालू आहे का?’ असे तो विचारतो, आणि मागे मला त्याचा राग येई. पैसे देऊन वस्तू घेताना घरची माहिती कशाला द्यायची, हा खास पेठेतला बाणा माझ्यातही आहे. पावसाळ्यात कोणी तापासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मागितले, तर तो डेंग्यूची तपासणी झाली का ते विचारतो, कारण डेंग्यूत या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. लहान मुलाच्या तापाचे औषध देताना तो बाटली फिरवून आकडा दाखवतो: थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते आणि सिरपच्या एका बाटलीत पाच मिलिलिटरला १२०, तेव्हा सिरपचे माप थेंबांना लावले तर चौपटीहून अधिक औषध पोटात जाते. आणि माप म्हणजे त्याच बाटलीबरोबर आलेले टोपण किंवा ड्रॉपर. आमटीचा चमचा नव्हे.

मागच्या रविवारी मी आणि आत्या डबा रिकामा करायला बसलो. मुदत संपलेली औषधे एका बाजूला काढायची होती, पण मुदत वाचायची कुठे? दुकानात पाकिटातून चार गोळ्या कापून देतात आणि नाव व तारीख असलेले टोक बरेचदा दुकानातच राहते. एका तुकड्यावर नुसते ‘मॉल’ उरले होते, दुसऱ्यावर एक आकडा, तिसरा अगदी कोरा. आता मी कात्री लावण्याआधी ‘तारखेची बाजू मला द्या’ असे सांगतो.

कोऱ्या तुकड्यातल्या दोन पांढऱ्या गोळ्या टाकायला आत्या काही केल्या तयार होईना, कारण त्यांचे पैसे मोजलेले होते. शेवटी तिने त्या कागदात बांधल्या, वर आपल्या ठसठशीत अक्षरात ‘कशाच्या आहेत माहीत नाही’ असे लिहिले आणि पुडी जपून पुन्हा डब्यात ठेवली.