आमची वाटचाल: एका पेटीत दोन सिस्टीम

आम्ही घरगुती म्युझिक सर्व्हर बांधतो. म्हणजे कपाटात किंवा टीव्हीमागे बसणारा छोटा संगणक, ज्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही आणि शक्यतो पंखाही नाही. गाण्यांचा सगळा संग्रह त्यात, यूएसबीने जोडलेला डॅक (डिजिटल गाण्याचं ऐकण्याजोग्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) त्याच्यापुढे आणि रिमोट म्हणून हातातला फोन. धंदा सुरू केला तो या पेट्या विकायला. आज मात्र आमच्याकडे येणाऱ्यांतले बरेचजण स्वतःचीच पेटी घेऊन येतात आणि म्हणतात, "गाणी वाजतायत, ती तशीच राहू द्या. पण यावर दुसरी सिस्टीमही हवी आहे." हे काम आमच्या अंगावर कसं आलं आणि त्यातून आम्ही कुठल्या निष्कर्षाला पोचलो, त्याची ही हकीकत.

पहिल्यापासून आमच्या पेट्यांवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम होती. त्याला कारण होतं. २००३ मध्ये सुरू झालेला म्युझिक प्लेअर डेमन, म्हणजे एमपीडी, हा प्रोग्राम इतका आटोपशीर आहे की जुन्या, अशक्त संगणकावरही निवांत चालतो. पडदा लागत नाही, माऊस लागत नाही. शिवाय लिनक्सची ध्वनियंत्रणा, अल्सा, मधला मिक्सर वगळून थेट डॅकशी बोलू शकते. सीडीचा नमुनादर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने, ४४.१ किलोहर्ट्झ. मधे मिक्सर आला की बहुतेक वेळा तो सगळ्याचं ४८ करून टाकतो, म्हणजे मूळ आवाज जसाच्या तसा डॅककडे जात नाही. विंडोजमध्येही वासापी या तिथल्या ध्वनियंत्रणेच्या एक्सक्लुझिव्ह मोडने हे टाळता येतं, पण ते प्रत्येक प्लेअरमध्ये आठवणीने लावावं लागतं. लिनक्समध्ये आणखी एक सोय आहे आणि ग्राहकाला ती दाखवताना आजही मजा येते. प्रॉक नावाच्या फोल्डरात साउंड कार्डाची एक छोटी फाइल असते. गाणं चालू असताना ती उघडली की त्या क्षणी डॅककडे नेमकं काय जातंय ते मोजक्या ओळींत दिसतं: किती बिट, किती चॅनल, दर ४४१०० की ४८०००. वाद तिथेच मिटतो.

आणखी एक मुद्दा तेव्हा फार मोठा होता. यूएसबी ऑडिओच्या जुन्या मानकात स्टिरिओसाठी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या वर फारसं जाता येत नसे. दुसऱ्या मानकाने ती मर्यादा उठवली. लिनक्सने ते लवकर आत्मसात केलं. विंडोजमध्ये त्याचा स्वतःचा ड्रायव्हर २०१७ च्या अपडेटबरोबर आला. तोवर प्रत्येक डॅकबरोबर त्या त्या कंपनीचा ड्रायव्हर बसवावा लागायचा. आमच्या पेटीत डॅक खुपसला की वाजायचा. विक्रीचं अर्धं भाषण त्यातच व्हायचं.

मग दुसरी सिस्टीम आली कुठून? ग्राहकांच्या गरजेतून. एका निवृत्त गृहस्थांनी अगदी सरळ विचारलं, "अहो, वाजवते छान तुमची पेटी, पण माझ्या सीड्या तिच्यात कोण उतरवणार?" सीडी उतरवायला लिनक्सवरही चांगली साधनं आहेत, उतरवलेलं जगभरच्या इतर प्रतींशी ताडून बघण्याचीही सोय आहे. पण ज्यांचा हात वर्षानुवर्षं विंडोजवरच्या एका प्रोग्रामवर बसलाय त्यांना हे सांगून काय उपयोग. टॅग, म्हणजे फाइलीच्या आतली गायक-अल्बमची माहिती, भरायचे प्रोग्रामही तसेच. त्यात डॅकचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलाच प्रोग्राम) अपडेट करायचं साधन बऱ्याचदा फक्त विंडोजसाठीच मिळतं. वर्षातून एकदा लागतं, पण लागतं तेव्हा दुसरा इलाज नसतो. एवढ्यासाठी घरात दुसरा संगणक कोण ठेवणार?

सुरुवातीला आम्ही सगळे करतात तेच केलं: एकाच डिस्कचे भाग पाडून ड्युअल बूट, म्हणजे चालू करताना दोनपैकी एक सिस्टीम निवडायची. टेबलावर, स्क्रीन जोडलेली असताना, हे काम सोपं आहे. कपाटातल्या पेटीत तेच वेगळं वागतं.

पहिली गोष्ट, मेन्यू. चालू करताना ग्रब, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम, विचारतो, कुठली सिस्टीम? विचारतो कुणाला? पडदाच नाही. वीज जाऊन आली की आणखी पंचाईत. काही लिनक्स वितरणांत आधीची सुरुवात धड पूर्ण झाली नसेल तर पुढच्या वेळी मेन्यू मुद्दाम जास्त वेळ थांबतो. जुन्या आवृत्त्यांत तर कुणी कळ दाबेपर्यंत थांबायचा. पेटी चालू, दिवा लागलेला आणि गाणं नाही. ग्राहकाला वाटतं डिस्क गेली. ती थांबण्याची मुदत ठरवणारी एक ओळ असते, ती भरल्याशिवाय आता आमच्याकडून एकही पेटी बाहेर जात नाही.

मेन्यूला खरा पर्याय यूईएफआयमध्येच, म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच आहे. "पुढच्या वेळी, फक्त एकदा, अमुक सिस्टीम सुरू कर" अशी चिठ्ठी फर्मवेअरमध्ये ठेवता येते. ती वाचली की फर्मवेअर स्वतःच ती पुसून टाकतं आणि त्यानंतर पुन्हा नेहमीचा क्रम. मग आम्ही फोनवरच्या पानावर एक बटण दिलं: दाबलं की चिठ्ठी ठेवली जाते आणि पेटी विंडोजमध्ये उठते. तिथलं काम संपवून रीस्टार्ट केलं की आपोआप परत संगीत. दिसायला अगदी चोख व्यवस्था. पण विंडोजला मोठं अपडेट करायचं असलं की ते मधेच स्वतः रीस्टार्ट होतं, एकदा नाही, दोनदा-तीनदा. चिठ्ठी तर पहिल्याच वेळी वापरली गेलेली. त्यामुळे अपडेट अर्धवट आणि पेटी लिनक्समध्ये. म्हणून आता बटणं दोन: "एकदाच" आणि "मी सांगेपर्यंत". दुसऱ्याने फर्मवेअरचा क्रमच बदलतो आणि परतीचं बटण विंडोजच्या डेस्कटॉपवर असतं. त्या डेस्कटॉपपर्यंत पोचायलाही पडदा नाहीच, तेव्हा दुसऱ्या संगणकावरून रिमोट डेस्कटॉपने जायचं. विंडोजच्या होम आवृत्तीत असं बाहेरून आत येता येत नाही, प्रो लागते. हे ग्राहकाला आधीच सांगितलेलं बरं.

दुसरी गोष्ट अधिक घातक, कारण ती गाण्यांच्या संग्रहाशी खेळते. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आहे. "शट डाउन" केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून झोपतं आणि त्याच्या लेखी एनटीएफएस (विंडोजच्या फाइलपद्धतीची) डिस्क अजून उघडीच असते. अशा डिस्कवर लिनक्सने काही लिहिलं तर जागं झालेलं विंडोज जुन्याच आठवणीवर काम करतं आणि फाइलींचा हिशेब बिघडतो. म्हणून लिनक्स अशी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं. गाणी वाजतात, पण नवा अल्बम चढत नाही, टॅग बदलत नाही आणि कुठे काही चुकल्याचं दिसतही नाही. गंमत म्हणजे "रीस्टार्ट" केलं तर विंडोज पूर्ण बंद होतं. काळजी म्हणून रीतसर शट डाउन करणाऱ्यालाच त्रास! फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेट, दोन्ही बंद करणं हे आमच्या यादीतलं पहिलं काम.

घड्याळाचं त्या मानाने किरकोळ. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स जागतिक वेळ. सिस्टीम बदलली की काही तासांचा फरक पडतो आणि पहाटेसाठी लावलेलं गाणं भलत्याच वेळी सुरू होतं. रजिस्ट्रीतल्या एका नोंदीने विंडोजलाही जागतिक वेळ मानायला लावता येतं.

या सगळ्यातून आमचा एक नियम ठरला: दोन सिस्टीम असतील तर डिस्कही दोन. प्रत्येकीचं बूटचं दालन आपापल्या डिस्कवर. एक काढली तरी दुसरी चालली पाहिजे. छोट्या पेट्यांमध्ये एम.२ आणि साटा अशा दोन प्रकारच्या डिस्कसाठी एकेक जागा बहुधा असते, तेव्हा हे अवघड नाही. नसेल तर आम्ही ड्युअल बूटचं काम घेतच नाही, ग्राहक नाराज झाला तरी.

ज्यांना गाणं क्षणभरही थांबायला नको असतं, त्यांच्यासाठी आम्ही व्हर्च्युअल मशीनकडे, म्हणजे एका सिस्टीमच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाकडे वळलो. लिनक्स प्रत्यक्ष हार्डवेअरवर, विंडोज त्याच्या पोटात, केव्हीएम या लिनक्सच्याच सोयीवर. उलट मांडणी, म्हणजे विंडोजवर संगीताचं लिनक्स, आम्ही करून पाहिली आणि सोडली. डॅककडे जाणारा यूएसबी प्रवाह आयसोक्रोनस असतो: दर १२५ मायक्रोसेकंदाच्या खिडकीत ठरलेला ऐवज जायला हवा आणि एखादा तुकडा हुकला तर तो पुन्हा पाठवला जात नाही. लोकलसारखं आहे, तुमच्यासाठी थांबत नाही. यूएसबी डिस्कचं तसं नाही. तिथे चूक झाली तर परत पाठवतात, फार तर उशीर होतो. म्हणून व्हर्च्युअल मशीनला सीडी ड्राइव्ह दिला तर तो निमूट चालतो, डॅक दिला तर टकटक ऐकू येते. डॅक पाहुण्या सिस्टीमला द्यायचाच असेल, समजा फर्मवेअरसाठी, तर तेवढा डॅक न देता आख्खा यूएसबी कंट्रोलर द्यावा. त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोघांत आयओएमएमयूची, म्हणजे उपकरण थेट पाहुण्या सिस्टीमच्या हवाली करण्याची सोय लागते. कागदावर असते. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, कधी कधी सापडत नाही.

संग्रह कुणाच्या ताब्यात असावा, यावर मात्र आता आमचं मत पक्कं आहे: संगीत वाजवणाऱ्या सिस्टीमच्या. विंडोजला तो नेटवर्कवरच्या फोल्डरसारखा दिसावा, डिस्क म्हणून नाही. पण संग्रह एनटीएफएसवरून लिनक्सच्या ईएक्सटी४ वर हलवताना देवनागरी नावं ठेवणाऱ्यांची एक अडचण होते, जी इंग्रजी नावं ठेवणाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच येते. दोन्हीकडे नावाची मर्यादा २५५. एनटीएफएस ती युनिकोडच्या एककांत मोजतं, ईएक्सटी४ बाइटमध्ये. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत तीन बाइट खातं. म्हणजे हाताशी उरतात ८५ चिन्हं, त्यातही मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. एकटा "श्री" १२ बाइट घेतो. गायकाचं, दोन्ही साथीदारांचं नाव, मैफलीची तारीख आणि चीजेचे बोल, असं सगळं फाइलच्या नावात लिहिणारे रसिक आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या फाइली कॉपी होताना नेमक्या गळतात. हलवण्याआधी लांब नावं शोधणारा एक छोटा प्रोग्राम आम्ही लिहून ठेवलाय. नावातली माहिती टॅगमध्ये जाते, नाव आखूड होतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि ग्राहकाबरोबर बसूनच करावं लागतं. कुठलं गाणं कुणाचं, हे त्यालाच ठाऊक.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अपडेट थांबली आणि कामाचा रोख पुन्हा बदलला. ठणठणीत असूनही विंडोज ११ च्या अटींत न बसणारे संगणक लोक घेऊन येऊ लागले: यावर लिनक्स घाला, गाणी वाजू द्या, पण जुनं विंडोजही असू द्या. त्यांना आम्ही ते नेटवर्कवाचून ठेवायला सांगतो. नव्या संगणकांवर वेगळी खबरदारी: डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलूप लागलेली) झालेली असू शकते, मालकाला कल्पना नसताना. सिक्युअर बूटला (फक्त मान्यताप्राप्त सिस्टीम सुरू होऊ देणाऱ्या सोयीला) हात लावला की ती रिकव्हरी की मागते. ती की कागदावर लिहून समोर ठेवल्याशिवाय आम्ही स्क्रू ड्रायव्हर उचलत नाही.

अधूनमधून कुणी रिअल-टाइम कर्नल, म्हणजे कामं ठरल्या वेळेत करण्यावर भर देणारा लिनक्सचा गाभा, मागतं. २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून ते मूळ लिनक्समध्येच आलंय, बसवायला हरकत नाही. पण साठवलेलं गाणं वाजवताना बफर (आगाऊ भरून ठेवलेला आवाजाचा साठा) पुरेसा असतो, त्यामुळे आवाजात फरक पडेल असं आम्ही सांगत नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

सध्या आम्ही लिनक्सची मूळ डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवून सिस्टीम मेमरीतून चालवायच्या मागे आहोत, म्हणजे वीज कधीही गेली तरी तिला धक्का लागणार नाही. विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनला मात्र लिहायला जागा हवीच. ती गाण्यांच्या डिस्कवर द्यायची की तिसरी छोटी डिस्क लावायची, यावर आमच्यात अजून एकमत नाही.