पँपूटी, दुसरा जोड: मुक्काम घमेल्यात

पँपूटी म्हणजे आयर्लंडच्या अ‍ॅरन बेटांवरचा कच्च्या कातड्याचा जोडा. मी घरी केलेला पहिला जोड बाद झाला. बकऱ्याचं कातडं ढोलकीला ठीक, पण गच्चीवर चार दिवस फिरलो तर चवड्याखाली आरपार! या वेळी म्हशीच्या पारड्याचं आणलं, केसांसकट, मिठात घातलेलं. (अ‍ॅरन बेटांवर गाईचं वापरत, आपल्याकडे तो प्रश्नच नाही.) मीठ निघायला तीन पाणी लागली. वासाबद्दल घरात काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

कातड्याचा एकच तुकडा, केस बाहेर, टाच नाही. पाऊल मधोमध ठेवून चौफेर तीन बोटं जास्त कापलं, बोटांपाशी आणि टाचेपाशी चुण्या घालून मासेमारीच्या दोरीने आवळलं, गाठ पावलावर. मागच्या वेळी आरीची भोकं कडेला फार खेटून पडली होती, तीन फाटली. आता पाव इंच आत.

खरी मेख पाण्यात आहे. कातडं कमावलेलं नाही, त्यामुळे वाळलं की पत्रा होतं आणि पाय कापतं. म्हणून बेटावरचे लोक संध्याकाळी पँपूट्या पाण्यात बुडवून ठेवत, दिवसाही येताजाता लाटेत पाय घालत. नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग १८९८ साली तिथे गेला, तर चुनखडीच्या धारदार खडकांनी त्याच्या शहरी बुटांच्या चिंध्या झाल्या. शेवटी तो ज्या घरी उतरला होता त्यांनीच त्याला पँपूट्या करून दिल्या.

माझं घमेलं दाराशी असतं. ते पाहून आयर्लंडमधली पाय धुतलेल्या पाण्याची गोष्ट आठवते. १९३७ ते ३९ दरम्यान तिथल्या शाळकरी मुलांनी म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं वह्यांत उतरवून घेतलं, त्यात 'पायांची निगा' हा स्वतंत्र विषयच होता. कुणी किती मोठं होईपर्यंत अनवाणी हिंडलं, हे त्यात हमखास. आणि हेही, की पाय धुतलेलं पाणी रात्री घरात ठेवायचं नाही. बाहेरचे 'ते', म्हणजे तिकडचे परीलोकातले, येऊन त्या पाण्यालाच हाक मारतात, दार उघड म्हणून, आणि पाणी ऐकतं! पाण्यात निखारा टाकला असेल तर मात्र त्याचं काही चालत नाही.

माझ्या घमेल्यात पाय धुतलेले नाहीत, नुसत्या पँपूट्या आहेत. हे चालतं का, ते वह्यांत सापडलं नाही.

आज अकरावा दिवस. डावी मऊ आहे, उजवीची टाच सैल पडली आहे, उद्या दोरी बदलतो.