तुम्ही विचारलंत म्हणून: रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला मी हात का करते

परत एकदा कोणीतरी विचारलंच. ह्या वेळी आमच्या राजेंद्र नगरातल्याच एका मुलीने, जिने नवीनच गिअरची सायकल घेतलीये. म्हणाली, काकू, तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या सायकलवाल्यांना हात करता, ते काय सगळे ओळखीचे असतात का? मग मी पण करायचा का? आधी कोणी करायचा? आणि मग जरा आवाज खाली करून, मी मुलगी आहे, अनोळखी माणसाला हात केला तर त्याला काही वेगळं नाही ना वाटणार? खरं तर तिचा मुख्य प्रश्न हा शेवटचाच होता. तेव्हा घाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट बसून लिहायचंच होतं.

मी गेली अकरा वर्षं इंदूरात सायकल चालवतेय. आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी घरून राऊ, राऊवरून महू आणि परत, आणि रविवारी जमलं तर खंडवा रोडने सिमरोल किंवा महूच्या पुढे जानापावच्या पायथ्यापर्यंत. ओळखीचे असतात का, तर नाही, बहुतेक कोणीच नसतं. आणि हात करायचा का, तर हो, नक्की करायचा.

का, ते सांगते. एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेवर, ट्रक, बस, डंपर सगळे तुमच्या कोपरापासून हातभर अंतरावरून जात असतात, त्यातल्या कितीतरी जणांना तुम्ही दिसतच नाही, आणि त्या सगळ्यात समोरून एक माणूस तुमच्यासारखाच पायाच्या जोरावर येताना दिसतो. त्याला हात केला म्हणजे काय सांगितलं, तर तू मला दिसलास, ठीक आहेस ना. आणि त्याच्या मागे अजून एक गोष्ट असते असं मी मानते, की तुझं काही अडलं तर मी थांबेन. ही दुसरी गोष्ट नसेल तर नुसता हात करण्यात मला फारसं काही वाटत नाही.

आणि कृपा करून हे कुठून तरी परदेशातून आलेलं फॅड आहे असं म्हणू नका. तिकडेही आहे, चांगलं आहे. फ्रान्समध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस म्हणून १२०० किमीची राइड दर ४ वर्षांनी होते, १८९१ पासूनची परंपरा आहे, ९० तासांत पूर्ण करायची असते, आणि जाऊन आलेले सांगतात की गावागावात लोक रात्री-अपरात्री रस्त्याच्या कडेला पाणी-कॉफी घेऊन उभे असतात, लहान मुलं टाळी द्यायला हात पुढे करून थांबतात. छानच आहे. पण आपल्या खंडवा रोडने खाली उतरून नर्मदेच्या काठाला जा ना! परिक्रमेतला माणूस दिसला की दारातली बाई, शेतातला म्हातारा, टपरीवरचा मुलगा, कोणीही असो, "नर्मदे हर" म्हणतो आणि हा पण उलट "नर्मदे हर" म्हणतो, त्यात ओळख-पाळख, जात-गाव काही मधे येत नाही. मी पहिल्यांदा चोरलच्या पुढे सायकलवर गेले तेव्हा एका घराच्या ओट्यावरून एका आजींनी मला "नर्मदे हर" म्हटलं, माझ्या डोक्यावर हेल्मेट, पायात पेडलला अडकणारे क्लीटचे बूट, मी काही परिक्रमेला निघाले नव्हते, पण त्यांच्या दृष्टीने रस्त्याने आपल्या अंगाच्या बळावर चाललेला माणूस तो वाटसरू, बस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पंढरीच्या वाटेवर सगळे एकमेकांना माऊली म्हणतात आणि धाकटा-मोठा न बघता पाया पडतात, आणि इथे माळव्यात खेड्याच्या रस्त्यावर "राम राम" केल्याशिवाय कोणी कोणाला ओलांडून जात नाही. म्हणजे रीत आपल्याकडे आहेच, सायकलवर बसल्यावर आपण ती का विसरतो एवढाच प्रश्न.

आता कोणाला करायचा. इथे मी स्वतः कितीतरी वर्षं चुकत होते आणि ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

आधी मी फक्त "आपल्यातल्यांना" हात करायचे. म्हणजे हेल्मेट, जर्सी, मागे लुकलुकणारा लाल लाइट, अशांना. मग एका डिसेंबरमध्ये राऊ आणि महूच्या मधे मागचं चाक पंक्चर झालं. मी ट्यूब बदलली, हवा भरली, निघाले आणि दोनशे मीटरवर परत चाक बसलं. थंडी अशी की बोटं वळत नव्हती आणि जवळची एकुलती एक जादाची ट्यूब पण गेली. तेवढ्यात समोरून जर्सीवाले दोघं आले, मी थांबवायला हात वर केला, त्यांना वाटलं मी नमस्कार करतेय, त्यांनी अंगठा दाखवला आणि गेले. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. (म्हणून आता सगळ्यांना सांगते की मदत हवी असेल तर नुसता हात करू नका, सायकल उलटी करून ठेवा आणि तोंडाने ओरडा, रुको म्हणून. आणि कोणी कडेला थांबलेलं दिसलं तर हात न करता "सब ठीक?" असं मोठ्याने विचारा आणि उत्तर ऐकू येईपर्यंत स्पीड वाढवू नका.)

त्यानंतर एक माणूस थांबला, आपणहून. काळी जुनी दांडीवाली सायकल, हँडलला स्टीलचा टिफिन लटकवलेला, कानाला गमछा बांधलेला, कामावर निघालेला. काही न विचारता खाली बसला, टायर रिमवरून काढला, गमछा सोडला आणि त्याचं टोक टायरच्या आतून गोल फिरवत नेलं, एका जागी कापड अडकलं, तिथे बाभळीचा काटा. बाहेरून दिसतच नव्हता, आत टोक तेवढं आलेलं. मी घाईत ट्यूब बदलली होती पण टायर आतून तपासलाच नव्हता, म्हणून नवीन ट्यूबही त्याच काट्याने गेली. बोटाने चाचपलं तर बोट कापतं, कापड अडकतं, हे मी त्या दिवशी शिकले. माझ्याकडचं सोल्यूशन आणि पॅच लावून त्याने दहा-बारा मिनिटांत काम केलं. पैसे घेतले नाहीत. आणि जाता जाता म्हणाला, "आप तो रोज निकलती हो ना इधर से, पीले जैकेट में."

तो मला रोज बघत होता. मी त्याला एकदाही बघितलं नव्हतं. म्हणजे डोळ्यांसमोरून गेला असणार शंभरदा, आणि मी मान वर करून पुढच्या हेल्मेटची वाट बघत होते. घरी आल्यावर मला दिवसभर जेवण गेलं नाही.

तेव्हापासून माझा नियम उलटा झाला. आधी हात पेपर टाकणाऱ्या पोरांना, पीथमपूरकडे कारखान्यात ड्युटीला जाणाऱ्यांना, कॅरिअरवर फावडं आणि घमेलं बांधून मजूर चौकाकडे निघालेल्यांना, शाळेच्या मुलींना, आणि मग जर्सीवाल्यांना. आपण हौसेने चालवतो, ते पोटासाठी चालवतात, पावसात, धुक्यात, लाइट नसलेल्या सायकलवर, आणि आपण रोज जेवढं अंतर फोनवर मोजून मिरवतो तेवढं ते मुकाट्याने जातात-येतात. सायकलस्वार म्हणायचंच तर आधी त्यांना म्हणा. पहिल्यांदा ते दचकतात, मागे वळून बघतात की दुसऱ्या कोणाला केला का. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हसतात. एक पंप जवळ ठेवत जा बरं का, आपल्या रेसिंगच्या बारीक व्हॉल्वला लागणाऱ्या पंपाचं तोंड त्यांच्या साध्या सायकलच्या व्हॉल्वलाही बसतं, मी कितीदा तरी हवा भरून दिलीये.

कसा करायचा, हे मला आधी फालतू वाटायचं पण नाहीये. आपण डावीकडून चालतो म्हणजे समोरचा आपल्या उजवीकडून येतो, त्याला उजवाच हात दिसणार. आणि आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि डाव्या हाताला मागचा असतो, त्यामुळे उजवा हात उचलला तरी मागचा ब्रेक डाव्या हातात राहतो, जोरात दाबला तर फार तर चाक घसरेल. डावा उचललात आणि नेमकं कुत्रं मधे आलं तर एकट्या पुढच्या ब्रेकवर माणूस हँडलवरून पुढे जातो. तुमच्या सायकलला कुठला ब्रेक कुठे आहे ते एकदा उभ्याउभ्या दाबून बघा. पण उजवा हात लांब बाहेर काढू नका, मागच्या गाडीला वाटतं उजवीकडे वळताय. कोपर अंगाजवळ, पंजा वर, एवढंच. रस्ता खराब असेल तर हँडलवरची चार बोटं उचलली तरी कळतं. आणि अंधारात हेल्मेटवर लाइट असेल तर मान हलवून नमस्कार करू नका, सगळा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तोंडाने बोला.

घाटात वेगळं. सिमरोलच्या खाली भेरूघाटाला ट्रकची रांग असते आणि उतरताना दोन्ही हात ब्रेकवरच पाहिजेत, तिथे हात सोडून कोणाला नमस्कार करणं मला बिलकुल पटत नाही. पण उतरणाऱ्याला दम असतो आणि चढणाऱ्याला नसतो, म्हणून आधी आवाज उतरणाऱ्याने द्यायचा, "चलो भिया, थोड़ा ही बचा है" असं काहीतरी, आणि चढणाऱ्याने उत्तर दिलं नाही तर वाईट वाटून घ्यायचं नाही, त्याचा श्वास त्याला लागतोय. हाच माझा एकूण नियम आहे, जो कमी थकलेला आहे त्याने आधी करायचा, वय-बिय बघायचं नाही. २०० किमीच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, साडेतेरा तास असतात, मदतीची गाडी बरोबर ठेवता येत नाही, दुपारनंतर माणूस नुसता समोरच्या पट्टीकडे बघत चालवत असतो, तेव्हा बाजूने जाणाऱ्याने "पानी है ना?" एवढं विचारलं तरी पुढचे वीस किमी निघतात.

आता तिचा खरा प्रश्न. मुलगी आहे, करू का.

कर. पण मला जे जमलं ते सांगते. हाताबरोबर तोंडाने शब्द हवा, आणि मी "राम राम" म्हणते. "हाय" म्हटलं की काही जणांना वाटतं बोलणं सुरू झालं, "राम राम" इथे बायका-पुरुष, म्हातारे-पोरं सगळेच म्हणतात, त्यातून कोणी दुसरा अर्थ काढत नाही. म्हणायचं आणि आपल्या स्पीडने पुढे जायचं, मागे बघायचं नाही. उजाडायच्या आधी सुनसान रस्त्यावर मी एकटी असेन तर मी कोणालाच हात करत नाही, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही, तिनेही वाटून घेऊ नये.

आणि हे पुरुषांसाठी, जरा स्पष्टच लिहिते. एकटी बाई चालवत असेल तर लांबूनच घंटी वाजवा, उजवीकडून जाताना नमस्कार करा आणि पुढे निघा. बरोबरीने चालवत राहू नका. पहिल्याच दिवशी कुठे राहता, रोज येता का, असलं विचारू नका. आणि न विचारता मागे चिकटू नका! एकदा महूवरून परतताना एक जण दहा मिनिटं माझ्या मागच्या चाकाला लागून चालला होता, एक शब्द नाही, मी वेग कमी केला तर तोही कमी करायचा, शेवटी मी चहाच्या टपरीवर चार माणसं बघून थांबले. कदाचित त्याला फक्त वारा वाचवायचा असेल, पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा कमी लागतो आणि मेहनत बरीच वाचते हे सगळ्यांनाच माहितीये. पण मला काय माहीत त्याच्या मनात काय आहे? शिवाय मी अचानक ब्रेक मारला असता आणि त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला टेकलं असतं तर पडला तोच असता. "दीदी, थोड़ी देर पीछे लग जाऊं?" एवढं विचारलं असतं तर मी आनंदाने हो म्हटलं असतं, पुढे खड्डा आला तर बोट करून दाखवलाही असता.

उत्तर न देणारे भेटतातच. कानात इअरफोन असतात, नाहीतर माणूस आपल्याच विचारात असतो, कोणाच्या घरी काय चाललंय आपल्याला माहीत नसतं. मी तरी दुसऱ्या दिवशी परत करते. एक काका सलग दोन महिने उत्तर देत नव्हते, मग एक दिवस थांबवून म्हणाले की बेटा, मला डाव्या डोळ्यानेच दिसतं, तू कुठल्या बाजूने येतेस तेच कळत नाही. आता मी लांबूनच आवाज देते.

तो गमछावाला मात्र नंतर तीन वर्षं रोज भेटायचा, मी "राम राम" म्हणायची आणि तो घंटी दोनदा वाजवायचा, नाव मी कधी विचारलं नाही. मग एका पावसाळ्यात दिसेनासा झाला. मी महिनाभर त्या वेळेला काळी सायकल शोधत होते, पंक्चरच्या दुकानावर पण विचारलं. दिवाळीच्या आसपास राऊच्या पुलाजवळ मागून एका मोटरसायकलने दोनदा हॉर्न दिला, मी दचकून बाजूला झाले, तर हाच, जुनी गाडी घेतलेली, हँडलला तोच टिफिन. स्पीड कमी करून म्हणाला, "राम राम दीदी, हवा है ना ठीक?" आणि गेला पुढे.