व्ही-स्ट्रॉम ६५०: थ्रॉटल बॉडी बॅलन्सिंग, तिसरा रविवार

थ्रॉटल बॉडी म्हणजे सिलिंडरला जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप; माझ्या गाडीला अशा दोन आहेत, आणि दोघींतून सारखी हवा जाईल असं बॅलन्स स्क्रूने जुळवणं म्हणजे बॅलन्सिंग. आज आकडा जागेवर आला. सुरुवात नळीतल्या तेलाच्या २८ सेंटिमीटरच्या फरकाने झाली होती, संध्याकाळी २ वर थांबलो.

गाडी म्हणजे सुझुकीची मोटरसायकल, २०१९ ची, ४३ हजार किलोमीटर झालेली. ६४५ सीसी, ९० अंशांचा व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर. दोन सिलिंडरचे ठोके समान अंतरावर पडत नाहीत: एक २७० अंशांनी, पुढचा ४५० अंशांनी. त्यामुळे एका बाजूला हवा कमी जायला लागली तरी कानाला चटकन कळत नाही. मला हाताला कळलं. चौथ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमला हँडलमध्ये बारीक झिणझिण, आणि गर्दीत थ्रॉटल जेमतेम उघडला की हिसका.

पहिला रविवार टॅपेटमध्ये, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट तपासण्यात गेला. इनटेकला ०.१० ते ०.२०, एक्झॉस्टला ०.२० ते ०.३० मिलिमीटर हवं. मागच्या सिलिंडरचा एक एक्झॉस्ट ०.१७ निघाला. शिम (फट ठरवणारी चकती) बदलली. हे आधी केल्याशिवाय बॅलन्सिंगला हात लावू नका. टॅपेट चुकलेलं असेल तर त्या सिलिंडरची ओढच वेगळी असते, आणि स्क्रू फिरवून आपण ती चूक फक्त झाकतो.

दुसऱ्या रविवारी मॅनोमीटर बनवला, म्हणजे दोन्ही थ्रॉटल बॉडींच्या व्हॅक्यूममधला (ओढीतला) फरक दाखवणारी नळी. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसली पारदर्शक नळी, पण बारीक, मत्स्यालयाच्या दुकानातली. फळीवर यू आकारात बसवली, मागे मोजपट्टी चिकटवली, तळाशी टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल भरलं. दोन्ही टोकांना मत्स्यालयाचेच छोटे व्हॉल्व्ह लावले. ते बरेचसे बंद ठेवले की धक्के शांत होतात, नाहीतर तेल नुसतं नाचत राहतं. पुढे प्रत्येक बाजूला एक रिकामी बाटली, म्हणजे फरक फार मोठा निघाला तरी तेल इंजिनात न जाता बाटलीत पडेल.

या नळीचं मला फार कौतुक वाटतं. तिला एकूण व्हॅक्यूमशी देणंघेणं नाही, ती फक्त फरक दाखवते, आणि तो मोठा करून दाखवते. तेल पाऱ्यापेक्षा साधारण पंधरा पट हलकं असल्याने पाऱ्याच्या एक मिलिमीटरला इथे जवळपास दीड सेंटिमीटर मिळतो. माझे २८ सेंटिमीटर म्हणजे पाऱ्याचे १८ मिलिमीटर, अंदाजे २.४ किलोपास्कल.

मग लॅपटॉप कशाला? के-लाइनची (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारी) यूएसबी केबल सहा पिनांच्या डायग्नोस्टिक कनेक्टरला जोडली की इनटेकचा दाब, कूलंटचं तापमान, आयएससी व्हॉल्व्हची (आयडलची हवा सांभाळणाऱ्या झडपेची) जागा, सगळं दिसतं. इंजिन बंद, चावी चालू ठेवून आधी दाब पाहिला: ९५ किलोपास्कल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, त्यामुळे हा बरोबर. मुंबईत हाच सेन्सर १०१ च्या आसपास दाखवेल, तेव्हा आकडे जुळवताना गाव लक्षात घ्या. पण इंजिन चालू झालं की पडद्यावरचा आकडा दोन-तीन किलोपास्कल मागेपुढे उडतो, आणि आपण शोधतोय तो फरकच तेवढा. म्हणून बॅलन्स लॅपटॉपवर करायचा नाही. इंजिन मोजण्याजोग्या अवस्थेत आहे का, एवढं त्याला विचारायचं. उत्तर नळीकडून घ्यायचं.

आज टाकी उचलून लाकडावर टेकवली, समोर टेबल फॅन, गाडी पार्किंगच्या उघड्या बाजूला. कूलंट ९० अंशांवर. पहिलं रीडिंग ३१. स्क्रूला हात लावण्याआधी नळ्यांची टोकं अदलाबदल केली. फरक इंजिनातला असेल तर तेल तेवढंच दुसऱ्या बाजूला जायला हवं. गेलं २५. म्हणजे मॅनोमीटरची एक बाजू हवा खात होती. व्हॉल्व्हचा सांधा ढिला होता. टेफ्लॉन टेप गुंडाळली, पुन्हा दोन्हीकडून मोजलं: २८ आणि २८. ही अदलाबदल केली नसती तर मी इंजिनाऐवजी माझी फळी बॅलन्स करत बसलो असतो.

खरी अडचण आयएससीची. तो आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, स्वतः सांभाळतो, त्यामुळे स्क्रू फिरवला की तो हवा कमी-जास्त करतो आणि नळीतलं तेल पुन्हा सरकतं. माझं सॉफ्टवेअर त्याला एका जागी धरून ठेवू शकत नाही, फक्त वाचतं. म्हणून आयडल तेराशेवर स्थिरावल्यावर त्याचा कनेक्टर काढला. सी-४० हा आयएससीच्या बिघाडाचा कोड आला, तो अपेक्षितच होता. मग बॅलन्स स्क्रू, एका वेळी घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढा. फिरवायचं, थ्रॉटलला हलकी टिचकी द्यायची, तेल थांबेपर्यंत अर्धा मिनिट वाट बघायची. २८, १९, ११, १२ (उलटा फिरवला), ६, २. कूलंट शंभरच्या जवळ गेल्यावर दोनदा इंजिन बंद करून थांबलो. शेवटी कनेक्टर जोडला, कोड पुसला.

सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. थ्रॉटल उघडतानाचा हिसका गेला. तीन हजारांची झिणझिण खूप कमी झाली, पण आहे. घरी परतल्यावर गरम इंजिनावर तीन हजारांना नळी पाहिली तर तेल उलट्या बाजूला ६ सेंटिमीटर. आयडलला २ आणि वर ६ उलट, याचा अर्थ थ्रॉटल जास्त उघडल्यावर दोन बॉडींमध्ये वेगळाच काहीतरी फरक आहे. माझा संशय मागच्या बॉडीतल्या काजळीवर आहे. पुढच्या रविवारी दोन्ही बटरफ्लाय (थ्रॉटल बॉडीतल्या फिरत्या चकत्या) साफ करून पुन्हा मोजणार. कोणाकडे साफ केल्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे असतील तर जरूर सांगा, दोन्ही आरपीएमचे.