बाटलीत उरलेल्या नऊ गोळ्या

एचआयव्हीचं औषध मिळतं त्या सेंटरला जायच्या आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी गोळ्यांची बाटली पदरात उपडी केली. एका बाटलीत 30 गोळ्या येतात. पुढच्या खेपेला ती बाटली सोबत न्यावी लागते, तिथे उरलेल्या मोजतात. माझ्या हिशेबाने दोन उरायला हव्या होत्या, निघाल्या अकरा. नऊ गोळ्या मी चुलीतल्या निखाऱ्यावर टाकल्या आणि दोन परत बाटलीत. ही डिसेंबर 2022 ची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा सात महिन्यांचा होता, अंगावर पीत होता.

सासर माझं चोपडा तालुक्यात, माहेर यावलकडे. यापलीकडे नाव-गाव लिहीत नाही. 2021 च्या दिवाळीनंतर, तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीत एचआयव्ही निघाला. लगेच औषध सुरू झालं, रोज एक गोळी. बाळंतपणाच्या सुमारास लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) तपासला तर टीएनडी आला, म्हणजे रक्तात विषाणू सापडण्याइतकाही नाही. बाळाला सहा आठवडे नेव्हिरापिनचं सिरप पाजलं. टाचेला टोचून कागदावर घेतलेल्या रक्ताची पहिली तपासणी निगेटिव्ह आली. इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं, कारण नवरा होता आणि घरात दाणे होते.

2022 च्या पोळ्याच्या आठ दिवस आधी तो टीबीने गेला. तेरावं झाल्यावर मी बाळाला घेऊन माहेरी आले. भावाचं घर, त्याची तीन लेकरं, मजुरीवर चाललेला संसार. निंदणीला जावं तर तान्हं बाळ बांधावर कुणाजवळ ठेवणार? दसऱ्यानंतर कापूस वेचणी लागली, चार पैसे हातात आले, ते दुकानदाराच्या उधारीत गेले. वहिनी वाईट नव्हती, कधी बोलली नाही. पण टोपलीत भाकरी किती आहेत ते मला दिसायचं. लेकरं जेवली, भाऊ जेवला की मी म्हणायचे, भूक नाही. माय अंधारात माझ्या हातात अर्धी भाकर आणि ठेचा द्यायची. ‘खाई ले व पोरी.’

गोळी जेवल्यावर घ्यायची, हे मीच मनाशी धरलेलं. नवऱ्याला टीबीच्या गोळ्यांनी उलट्या व्हायच्या, तेव्हापासूनची धास्ती. ज्या रात्री जेवण नाही त्या रात्री गोळी नाही. ‘उद्या घेईन’ म्हणायचं, की झालं. शिवाय गोळी वेळेवर चालली की भूक खवळायची. औषध लागू पडलं की अंग भरून काढायला मागतं, त्याची ती भूक. घरात नसताना ती भूक नको वाटायची. आळशी, निष्काळजी असं आमच्याबद्दल फार लवकर बोललं जातं, म्हणून हे एवढं फोड करून लिहिलं.

त्या खेपेला दोन गोळ्या मोजून झाल्या, पुस्तकात लिहिल्या गेल्या. रक्तही घेतलं होतं. पुढच्या महिन्यात लोड आला 11,400. हजाराच्या वर म्हणजे औषधाने विषाणू दबत नाही. समुपदेशक मॅडमनी दार लोटलं. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी विचारलं, “ताई, काल रात्री काय जेवलात?”

वर्षभरात हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी रडले, आणि चुलीतल्या नऊ गोळ्यांचंही सांगून टाकलं.

त्यांनी दोन गोष्टी समजावल्या, त्या मला कुणी आधीच सांगायला हव्या होत्या. डोल्युटेग्रॅव्हिरची ही गोळी उपाशीपोटीही चालते, जेवण नाही म्हणून चुकवायची नाही. दुसरी गोष्ट लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची. त्या जेवणासोबत असतील तर या गोळीबरोबर चालतात. पण पोट रिकामं असताना एकदम घेतल्या तर या गोळीचा जोर कमी होतो. तेव्हा ही आधी घ्यायची, त्या दोन तासांनी. त्या आधी घेतल्याच असतील तर मग सहा तास थांबायचं. मी तर तिन्ही गोळ्या रिकाम्या पोटी एका घोटात गिळायचे, ज्या दिवशी घ्यायचे त्या दिवशी!

मग त्या म्हणाल्या, हा आजार असताना शरीराला एरवीपेक्षा दहा टक्के तरी जास्त अन्न लागतं, वर तुम्ही दूध पाजता. मी म्हटलं, मॅडम, ते आणू कुठून?

तिथून कागदांची पायपीट सुरू झाली. माझं नाव सासरच्या रेशनकार्डावर, बाळाचं तर कुठेच नाही. जानेवारी 2023 पासून धान्य फुकट झालं होतं, पण माझे पाच किलो सासऱ्यांच्या अंगठ्यावर उचलले जायचे. जेठ म्हणाले, कार्ड फुटणार नाही. शेवटी सासरच्या गावच्या आशाताई सासूशी दोनदा बोलल्या तेव्हा नाव कमी झालं. मग मृत्यूचा दाखला, आधार, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, पुरवठा शाखेत चार हेलपाटे. मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, नाहीतर ते चार झालेच नसते.

संजय गांधी निराधार योजनेला मी दोन वाटांनी पात्र होते, आजारामुळे आणि विधवा म्हणूनही. एका कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने रांगेसमोर विचारलं, “कोणता आजार?” मागे माहेरच्या गावातली बाई उभी. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने हे असं उघड करता येत नाही, हे मला मॅडमनी सांगितलेलं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. कागद उचलून बाहेर आले. पुढच्या सोमवारी विधवा म्हणून अर्ज दिला. नवऱ्याचं मरण दाखवता येतं, त्याला कुणी नाक मुरडत नाही.

मधल्या काळात अंगणवाडीचं पाकीट मिळायचं. केळीची कटाई झाली की व्यापारी नाकारलेल्या फण्या शेतातच टाकतात, त्या भाऊ पोतं भरून आणायचा. दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे, ही माझी गोळीची वेळ झाली. तीन महिने दर महिन्याला समुपदेशनाला गेले. मग परत रक्त दिलं. टीएनडी.

जूनमध्ये कार्ड हातात आलं, दोघांचे दहा किलो. दुकानात मशीन माझा अंगठा घेईना. वेचणीने बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. दुकानदाराने ओलं फडकं दिलं, बोट पुसून पुसून उजव्या हाताचं मधलं बोट लागलं. निराधारचं अनुदान सुरू झालं तेव्हा रक्कम वाढून 1,500 झाली होती. नोव्हेंबरात मुलाची अठराव्या महिन्याची शेवटची तपासणी झाली. निगेटिव्ह.

अंत्योदयचा अर्जही दिलाय, त्यात 35 किलो मिळतात. इष्टांक, म्हणजे कार्डांचा ठरलेला कोटा, संपलाय म्हणतात. दर दोन महिन्यांनी जाऊन विचारते.