कपाटातला कन्सोल पुन्हा वायफायवर: चार बैठकांची नोंद

पहिली बैठक, शनिवार रात्र

सहा वर्षं कपाटात पडून असलेला व्हिडिओ गेमचा कन्सोल भाच्यासाठी बाहेर काढला. पंखा जरा घरघरला, पण चित्र आलं. आनंद तीन मिनिटं टिकला. नेटवर्क शोधायला लावलं तर यादीत शेजारपाजारची नऊ नावं आली आणि नेमकं आमचंच नाव नाही.

"मामा, आपलंच वायफाय दिसत नाहीये. बिघडलाय हा."

बिघडलेला नव्हता, आणि ते त्या नऊ नावांवरूनच कळत होतं. यादी रिकामी आली असती तर मी आतल्या अँटेनाच्या तारेवर किंवा वायरलेस मॉड्यूलवर संशय घेतला असता आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठलो असतो. शेजाऱ्यांचं ऐकू येतंय म्हणजे कान शाबूत आहेत. मग आमचाच राउटर असं काय बोलतोय जे याला ऐकू येत नाही?

पहिला संशय ५ गिगाहर्ट्झवर. (घरचं वायफाय मुख्यतः दोन रेडिओ पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ.) आमचा कन्सोल ८०२.११बी आणि जी ही वायफायची जुनी मानकं एवढंच जाणणारा. बी मानक १९९९ चं, जी २००३ चं, आणि दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हे फक्त फार जुन्या यंत्रांचंच असतं असंही नाही. २०१३ साली आलेलं पहिलं प्लेस्टेशन ४ सुद्धा २.४ वरच चालतं, ५ त्याला दिसतच नाही. आमचा राउटर नवा, दोन्ही पट्टे एकाच नावाखाली दाखवणारा. मी दोन्हींची नावं वेगळी केली, २.४ चा पट्टा चालू असल्याची खात्री केली, पुन्हा शोधलं. नाव नाहीच.

मग फोनवरचं वायफाय तपासायचं ॲप उघडलं आणि उलगडा झाला. राउटरचं चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली बोलायची नेमकी जागा, 'ऑटो'वर होतं आणि तो १३ वर जाऊन बसला होता. चॅनेल १ चं केंद्र २४१२ मेगाहर्ट्झवर, तिथून पाच-पाचच्या पायऱ्या, म्हणजे १३ चं केंद्र २४७२ वर. बऱ्याच देशांत १३ वापरायला मुभा आहे, पण अमेरिकेत साधारणपणे ११ पर्यंतच वापरतात, आणि त्या बाजारासाठी बनलेली यंत्रं १२ आणि १३ कडे फिरकतही नाहीत. आमचा कन्सोल त्यातलाच. राउटरला १३ मोकळं दिसलं म्हणून तो खुशीत तिथे गेला. भरलेल्या बसमध्ये एकच सीट रिकामी असेल तर बसण्याआधी ती का रिकामी आहे ते बघावं, एवढी अक्कल ऑटोला नसते.

चॅनेल ११ वर ठोकलं, रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली. १, ६ आणि ११ हेच तिघं का सुचवतात हेही यात येतं: एक चॅनेल प्रत्यक्षात साधारण २० मेगाहर्ट्झ जागा खातं, आणि हे तीन तेवढे एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. २.४ च्या एवढ्याशा पट्ट्यात ४० ची रुंदी म्हणजे सतरंजीवर एकट्याने आडवं होणं. आमच्याकडे १ आणि ६ वर आधीच गर्दी होती, म्हणून ११. पुढच्या शोधात आमचं नाव तिसरं.

इथेच एक उद्योग केला, तोही नोंदवतो. नावं बदलतोच आहे तर नेटवर्कला मराठी नाव द्यावं म्हणून 'घरचं नेटवर्क' असं टाइप केलं. राउटर म्हणाला, नाव अवैध. कारण नावाची मर्यादा ३२ अक्षरांची नसून ३२ बाइटची असते, आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. त्यात मात्रा, अनुस्वार, पायमोड सगळे वेगळे मोजायचे. अकरा चिन्हं आणि मधली जागा मिळून ३४ झाले. 'आपलं घर' १९ बाइटमध्ये बसलं आणि फोनवर झकास दिसलं. कन्सोलवर मात्र त्याच्या जागी नुसते चौकोन. गपगुमान रोमन अक्षरांवर परत आलो.

दुसरी बैठक, रविवार

आज पासवर्ड. आमचा एकवीस अक्षरांचा आहे, लहान-मोठी रोमन अक्षरं, अंक, एक डॉलरचं चिन्ह. तो पडद्यावरच्या कीबोर्डवर दिशांच्या बटणांनी एकेक अक्षर गाठत टाइप करायचा. डॉलर तिसऱ्या पानावर. चार वेळा टाइप केला, चारही वेळा अर्धा मिनिट गोल फिरून तीच चूक. भाचा तोवर सोफ्यावर आडवा.

चौथ्या वेळेनंतर थांबलो. जुने कन्सोल एक गोष्ट नीट सांगत नाहीत: पासवर्ड चुकला असो की सुरक्षेचा प्रकार जुळत नसो, पडद्यावर येणारा संदेश तोच, 'जोडता आलं नाही'. हे दोन्ही वेगळे करायला मी राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क सुरू केलं, फक्त २.४ वर, बारा लहान अक्षरांचा पासवर्ड देऊन. (किमान आठ अक्षरं लागतात, जास्तीत जास्त ६३.) बारा अक्षरं चुकणं शक्यच नव्हतं, भाच्याने मोठ्याने वाचून दाखवली. तरी जोडलं नाही. म्हणजे माझी बोटं निर्दोष.

राउटरचा सुरक्षा प्रकार 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र' होता. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ साली. मिश्र प्रकारात जुन्या यंत्रांनाही घ्यायला हवं, कागदावर तसंच आहे. पण राउटर त्यासोबत ज्या जादा गोष्टी जाहीर करत असतो, विशेषतः व्यवस्थापन फ्रेमचं (जोडणी-तोडणीच्या निरोपांचं) संरक्षण, ज्याला सेटिंगमध्ये पीएमएफ म्हणतात, त्या ऐकून काही जुनी यंत्रं गडबडतात. पाहुण्यांच्या नेटवर्कपुरतं 'फक्त डब्ल्यूपीए२, एईएस' (एईएस ही त्यातली कूटपद्धत) निवडलं, पीएमएफ बंद केलं. पहिल्या झटक्यात जोडलं. घरचं मुख्य नेटवर्क होतं तसंच मिश्र ठेवलंय, एका कन्सोलसाठी सगळ्या घराची कडी काढायचं कारण नाही. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून घरातले बाकीचे संगणक दिसत नाहीत, पण मला ते चालतं. ज्यांना संगणकावरचे व्हिडिओ कन्सोलवर बघायचे असतील त्यांनी तिथलं 'आयसोलेशन' बंद करावं.

वायफाय-सुरक्षेच्या जुन्या डब्ल्यूईपी पद्धतीबद्दल, कारण हा सल्ला अजून फिरतो. 'जुना कन्सोल आहे ना, डब्ल्यूईपी लावा, चालेल.' चालेल हो, पण कोणाकोणाचं? १९९७ च्या मूळ मानकातली ही पद्धत. २००१ साली फ्लुहरर, मँटिन आणि शामीर यांनी तिच्यातल्या आरसी४ या कूटपद्धतीच्या किल्ल्या वापरण्याच्या रीतीतली भेग दाखवली, आणि आता ती मोडायला काही मिनिटं पुरतात. खरोखर अडचण आहे ती पहिल्या निन्टेन्डो डीएससारख्या हातातल्या यंत्रांची, त्यांच्या खेळांना डब्ल्यूईपी किंवा बिनपासवर्डचं नेटवर्कच चालतं. तिथेही मी घरच्या राउटरला हात लावणार नाही. फोनचा हॉटस्पॉट खेळापुरता बिनपासवर्डचा करावा आणि खेळ संपला की बंद. डीएसची अधिकृत ऑनलाइन सेवा तशीही २० मे २०१४ ला थांबली.

तिसरी बैठक, मंगळवार

जोडलंय पण इंटरनेट नाही. हे पंधरा मिनिटांत संपलं आणि चूक माझीच निघाली. कन्सोलच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता १९२.१६८.१.५०, आणि फोनला मिळालेला पत्ता १९२.१६८.० ने सुरू होणारा. कधीकाळी पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून येणारी जोडणी थेट कन्सोलकडे वळवण्याच्या) हौसेपायी मी हा पत्ता हाताने ठोकून ठेवला होता, तेव्हाच्या राउटरसाठी. रविवारी नवीन जोडणी न करता जुन्याच जोडणीत नाव आणि पासवर्ड बदलला, त्यामुळे पत्ता तसाच राहिला. म्हणजे कन्सोल अजून जुन्याच गल्लीचा पत्ता सांगत नव्या वस्तीत उभा. पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावांचे पत्ते शोधून देणारी सेवा) दोन्ही 'आपोआप'वर टाकले, चाचणी पास.

(उलट, पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर गोष्ट वेगळी. राउटरकडून पत्ता न मिळाल्यावर यंत्र स्वतःच स्वतःला घेतं तो हा पत्ता. अशा वेळी राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सोय, बघायचं.)

चाचणी पास झाली, तरी खेळाच्या सर्व्हरवर लॉगिन होईना. इथे मी तासभर वाया घालवला. डीएनएस बदलून पाहिलं, एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या पाकिटाची कमाल बाइटसंख्या) १५०० वरून १४९२ केला, १४०० केला, राउटर दोनदा बंद-चालू केला. शेवटी भाच्यानेच विचारलं, "मामा, यात २००० साल का दाखवतंय?"

कोपऱ्यात तारीख होती: १ जानेवारी २०००. आतली बटणाच्या आकाराची बॅटरी सहा वर्षांत संपली होती. सुरक्षित जोडणीत सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असं असतं. २००० सालात बसलेल्या कन्सोलच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही, म्हणून तो नाकारतो, आणि पडद्यावर पुन्हा तेच गोलमोल 'जोडता आलं नाही'. तारीख लावली, लॉगिन झालं. बॅटरी काढून मल्टिमीटरवर मोजली: १.९ व्होल्ट. सीआर२०३२ ला ३ च्या आसपास हवेत. नवी घातली. एमटीयू मुकाट्याने परत १५०० केला.

चौथी बैठक, शनिवार दुपारपासून

सगळ्यात जास्त वेळ याने खाल्ला. खेळ सुरू होतो, दहा-वीस मिनिटं चालतो, मग तुटतो. सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या. भरणारच, राउटर त्याच टीव्ही युनिटच्या दुसऱ्या टोकाला आहे. (मग केबलच का नाही? या कन्सोलला लॅनचं भोकच नाही.)

घरात अशा वेळी पहिला दोष इंटरनेटवाल्याला जातो, मीही दिला. पण भाच्याची एक तक्रार कानात राहिली: "तुटायच्या आधी रिमोटपण अडकतो." हे महत्त्वाचं होतं. रिमोट ब्लूटूथवर चालतो, त्याचा राउटरशी किंवा बाहेरच्या लाइनशी काडीचा संबंध नाही. दोघांमध्ये सामाईक असलेली एकच गोष्ट, २.४ गिगाहर्ट्झची हवा. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात ७९ चॅनेलवर उड्या मारत असतं. दोघं एकदम अडकतात म्हणजे त्या हवेतच कोणीतरी आरडाओरडा करतंय. दांड्या आवाजाचा जोर सांगतात, गोंगाट सांगत नाहीत.

लॅपटॉप त्याच टीव्ही युनिटवर ठेवला, कन्सोलच्याच नेटवर्कवर घेतला आणि राउटरला सतत पिंग लावून दिला, म्हणजे छोटी हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ३ मिलिसेकंद, ४, ३, ३, ५. बराच वेळ असंच. मग अचानक १८०, २४०, उत्तर नाही, उत्तर नाही, ९५. त्याच क्षणी युनिटच्या मागून बारीक कुरकुर ऐकू आली. राउटरच्या मागच्या यूएसबी भोकात लावलेली हार्ड डिस्क. घरातल्या फोनांचे फोटो तिच्यावर आपोआप उतरतात, अधूनमधून.

यूएसबी ३.० सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने बोलतं आणि त्या विजेच्या खळखळाटाचा गोंगाट २.४ च्या पट्ट्यावर पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतंत्र निबंधच काढला होता. वाचलेलं होतं, पण ते राउटरपासून वीतभर अंतरावर आपल्याच घरात बसलंय हे लक्षात येत नाही. खात्री करायला डिस्कवर मुद्दाम मोठी फाइल उतरवायला लावली: पिंग लगेच कोसळला. फाइल थांबवली, ३ वर आला. पुन्हा लावली, पुन्हा कोसळला. असं पाच वेळा केलं. तीन वेळांत पटलं होतं, उरलेल्या दोन मजेखातर.

उपाय तीन होते: डिस्क लांब नेणं, चांगली आवरणाची केबल घेणं, किंवा भोक यूएसबी २.० च्या वेगावर चालवणं. आमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये तिसरा पर्याय आहे, तोच निवडला. फोटो आता सावकाश उतरतात, त्यांना घाई नाही. त्यानंतर मोठी फाइल चालू असतानाही पिंग ६ च्या वर गेला नाही आणि रिमोटही सुतासारखा सरळ.

संध्याकाळी सलग दोन तास खेळलो. भाचा जिंकला, मी नेटवर्कवर ढकलायला गेलो तर पिंगची खिडकी त्याने माझ्यासमोर धरली. एकदाच तुटलं, ९ वाजून ४० मिनिटांनी. डिस्क तेव्हा शांत होती, मायक्रोवेव्हही बंद होता. लॅपटॉपवर पिंग रात्रभर चालू ठेवलाय, वेळेसकट फाइलमध्ये जातोय.