बांयचं पाणी आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या

चवथीच्या सुट्टीत मुलीच्या हट्टापायी आमच्या घरी माशांची टाकी आली. दोन फूट लांब, साठेक लिटरची. दुकानदार म्हणाला, आज पाणी भरा, उद्या मासे सोडा. आम्ही दहा गप्पी आणि दोन गोल्डफिश सोडले. नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं, म्हणून मी मुद्दाम परसातल्या बांयचं, म्हणजे विहिरीचं, पाणी भरलं. गोव्यातल्या म्हार्दोळच्या आमच्या बांयच्या पाण्याचा मला गर्व होता. होता असंच म्हणतो.

चौथ्या दिवशी टाकीतलं पाणी पेजेच्या निवळीसारखं पांढुरकं झालं. मी सगळं उपसलं, खडी बादलीत चोळचोळून धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून काढला. पाणी लख्ख! चार दिवसांनी पुन्हा पेज. असं तीनदा झालं. तोवर उरलेले मासे वर येऊन आ वासायला लागले होते आणि तीन गप्पी जास्वंदीखाली पुरून झाले होते. आईने एवढंच विचारलं, "तूं नुस्तें पोसता काय मारता?" नुस्तें म्हणजे मासे.

मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. डासांसाठी म्हणून कधीतरी सोडलेले गप्पी त्याच बांयत वर्षानुवर्षं मजेत आहेत. त्यांना कुणी फिल्टर लावला नाही की खायला घातलं नाही.

कुंडईला आमच्या कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर माझा एक मित्र आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याला हे सगळं सांगितलं तर तो हसायलाच लागला. "अरे, दर चार दिवसांनी तू प्लांटच धुऊन काढतोस, मग तो चालू कधी होणार?" माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट, जे थोडं असलं तर माशांना फारसं बाधत नाही. हे जिवाणू स्पंजवर आणि खडीवर बस्तान बसवतात, त्यांना चार ते सहा आठवडे लागतात, आणि मी त्यांना क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकत होतो. पांढुरकेपणा वेगळ्याच जिवाणूंचा, तो आपोआप जातो. बांयत पाणी अमाप, मासे मोजके आणि वरून दाणे टाकणारी मुलगी नाही.

थेंबांचं टेस्ट किट आणलं. अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. असायला हवा शून्य. मग धुणं बंद. रोज चौथा हिस्सा पाणी बदलायचं, खाणं एक दिवसाआड, स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच बुचकळायचा. दोन्ही गोल्डफिश भरपूर घाण करतात, ते मावसभावाच्या मोठ्या टाकीत पाठवले. मुलगी दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरला आणि नायट्राइट चढलं. नायट्राइट माशांच्या रक्तात शिरलं की रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही. मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून मिठागरातलं गावठी मीठ दोन चमचे विरघळवून घातलं. मासे तगले, पण नायट्राइट तसूभरही हलेना. दहा दिवस किटमध्ये तोच जांभळा रंग.

मित्राने विचारलं, पीएच बघितलास? पीएच म्हणजे पाणी किती आम्ल आहे त्याचा आकडा, सातच्या खाली गेला की पाणी आम्लधर्मी. बघितला, तर पट्टीवरचा सगळ्यात खालचा रंग, ६. त्याला नवल वाटलं नाही. आपली जमीन जांभ्या दगडाची, बांयचं पाणी मऊ, त्यात कार्बोनेट जवळजवळ नाहीच. जिवाणू अमोनिया संपवताना आम्ल तयार करतात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे पाण्यातली साधारण ७ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खर्च होते. आमच्या पाण्याकडे खर्चायला काहीच नव्हतं. पीएच घसरला आणि जिवाणू मंदावले. ज्या मऊ पाण्याने आईची डाळ चटकन शिजते, तेच टाकीत नडलं. त्यांच्या प्लांटवर अशा वेळी चुना किंवा सोडा टाकतात. "तू शिंपल्या घाल," तो म्हणाला.

शिंपल्यांना आमच्या घरी काय तोटा! त्या रविवारी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांतल्या मासळीचं, सुकं झालं. ताटांतल्या शिंपल्या मी गोळा करायला लागलो तेव्हा आईने कपाळाला हात लावला. घासून, उकळून, दोन दिवस उन्हात वाळवल्या आणि जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यात ओंजळभर बांधून फिल्टरच्या धारेत ठेवल्या. शिंपली म्हणजे बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट. तिचाच चुना भाजून आपल्याकडे जुनी घरं बांधली. पाणी आम्लधर्मी असेल तेव्हा ती हळूहळू विरघळते, पीएच सातच्या वर गेला की जवळपास थांबते. सोड्याचं तसं नाही. हात सैल सुटला की पीएच एकदम उडी मारतो आणि उरलासुरला अमोनिया जास्त विषारी होतो.

आठवड्याने पीएच ७ झाला. एकेचाळिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १० ते २०च्या मधे कुठेतरी. सात गप्पी होते, त्यांची आता किती पिल्लं झाली ते मोजणं मी सोडून दिलंय.

मावसभावाचा परवा फोन आला, गोल्डफिश कधी नेतोस? वीतभर झालेत म्हणे. मी म्हटलं, राहू देत तुझ्याकडेच.